हलवलं की नक्कल केली?

"आता हे काय विचारून राहिलं?" केशवरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनकडं बोट केलं.

इंग्रजी प्रश्न मी मराठीत सांगितला. हे मशीन तुम्ही इथं हलवलं, की त्याची नक्कल केली? माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी माउस ओढला आणि 'नक्कल'वर दाबलं. पुनर्वसनाच्या त्या छोट्या कार्यालयात तीस वर्षं बाबूगिरी करूनही या माणसाला एकच घाई होती, खरं सांगून मोकळं व्हायची.

माझं पवनीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घरचे सगळे हातमागावर, मीच तेवढी वाट चुकले. त्या दिवशीचं काम तसं सरळ होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या घरांची मोजणी एका जुन्या प्रोग्राममध्ये होती. कोणाचं घर, किती खोल्या, किती झाडं. तो प्रोग्राम गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराचा. त्याचा मूळ कॉम्प्युटर भंगारात गेला, पण त्याआधी कोणा शहाण्यानं तो अख्खा कॉम्प्युटर एका फाइलमध्ये बसवून दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालता ठेवला होता. आता या दुसऱ्याची डिस्क करकरायला लागली होती, म्हणून मी ती फाइल तिसऱ्यावर नेत होते.

अडचण एकच होती. प्रोग्राम सुरू होताना आपल्या कॉम्प्युटरचा नंबर तपासायचा. जुना नंबर दिसला तर उघडायचा, नाहीतर नाही. 'हलवलं' म्हटलं की नंबर तोच राहतो, 'नक्कल' म्हटलं की नवा मिळतो. केशवरावांच्या कृपेनं नवा मिळाला आणि प्रोग्रामनं आम्हाला ओळख दाखवली नाही. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि कागदी रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं.

बाहेरच्या बाकावर पार्वताबाई सकाळपासून बसून होत्या. सोबत नात, खुशबू. तिला प्रकल्पग्रस्तांच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज भरायचा होता, उद्या शेवटची तारीख. आजोबांच्या नावचं घर गेल्याचा उतारा त्या प्रोग्रामशिवाय कुठूनच निघणार नव्हता.

बिघडलेलं पुसून मी जुन्या डिस्कवरून फाइल माझ्या छोट्या डिस्कवर घालून परत आणली. दीड तास लागला. पुन्हा तोच प्रश्न आला.

"काका, आता 'हलवलं' म्हना."

"पर हलवलं कोठी? जुनं तठीच आहे ना."

मी वैतागलेच. खोटं बोलायचं ते कोणाशी, एका डब्याशी! पण केशवराव रोज सकाळी पंचशील म्हणणारे, आणि त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, घरी ठेवून येण्याची सवय त्यांना नव्हती. साहेब नाहीत म्हणून सांगा, असं साहेबांनी खुणावल्यावर यांनी सरळ फोन साहेबांच्या हातात दिला होता, ही गोष्ट पवनीत सगळ्यांना ठाऊक होती.

"याच्यातून निंगालेल्या कागदावर माही सही रायते," ते शांतपणे म्हणाले. "पयलंच उत्तर खोटं देऊ काय?"

मग त्यांनीच तोड काढली. आधी जुन्या कॉम्प्युटरवरचं पुसायचं, म्हणजे हलवलं हेच खरं होईल. ज्या छोट्या डिस्कवरून मी फाइल आणली तीही रिकामी करायची, कारण तिच्यावरची फाइलही नक्कलच. मी हबकले. नवं चालल्याशिवाय जुनं पुसू नये, हे माझ्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. नवं उघडलं नाही तर कोणाच्याच घराचा पुरावा उरणार नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. उठून बाकाकडं गेले आणि पार्वताबाईंना सगळं सांगितलं, धोक्यासकट. त्या नको म्हणतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी नातीकडं पाहिलं. मुलीनं मान हलवली.

"आमाले हलवलं तवा मांगं काय ठेवलं होतं, बाबू?" पार्वताबाई म्हणाल्या. "पुसून टाका."

दोन्हीकडचं केशवरावांनी स्वतःच पुसलं. मग त्यांनी 'हलवलं'वर दाबलं. मिनिटभर स्क्रीन काळी राहिली. मग प्रोग्राम उघडला. मला रडू आलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

उतारा निघाला, सही झाली, खुशबू अर्ज भरायला धावली. पार्वताबाई मात्र आत येऊन खुर्चीवर बसल्या. शेजारचं घर दिसते काय, म्हणून त्यांनी विचारलं. केशवरावांनी उघडलं. चिंधूचं घर, दोन खोल्या, एक विहीर. पाणी गोड होतं, पार्वताबाईंनी भर घातली. त्यानंतर बायजाबाईचं, त्यानंतर बाबुलालचं. कार्यालय बंद व्हायची वेळ झाली, शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला. रोज ठरल्या वेळी खुर्चीवरून उठणारे केशवराव चष्मा सावरत ओळीनं एकेक घर वाचत राहिले. मीही पिशवी मांडीवर घेऊन बसले.

"पुढं?" पार्वताबाईंनी विचारलं.

"पुढं नदी, पार्वताबाई."

"मंग राहू द्या आता," त्या म्हणाल्या, आणि पदर सारखा करून उठल्या.