झोताबाहेर

"हा पण परत घ्या ताई," म्हणत लिफ्टवाल्याने सायकलच्या लाइटचा खोका काउंटरवर ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ आदळलाच.

ताई एका चाकाचे स्पोक आवळत होती. तिने मान वर केली नाही. केली असती तर तोंडातून काहीतरी निघून गेलं असतं, आणि दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"आता काय झालं?"

"उजेड नाही."

"दादा, सोळाशे लुमेनचा आहे तो. समोरून येणारा माणूस आंधळा होईल."

"खोक्यावर काहीही छापतात हो. मी डोंगरावर नेलाय. तुम्ही नेलाय का?"

हे तिला लागलं. सायकलच्या या दुकानात ती सोळा वर्षं उभी होती. सहा वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेल्यापासून सगळं तिच्याच अंगावर पडलं होतं. त्याआधी दर बुधवारी संध्याकाळी डोंगरावर जाणाऱ्यांत तीही असायची. दुकान आठला बंद करायचं म्हटल्यावर ते सुटलं ते सुटलंच. आता ती दुसऱ्यांच्या सायकली डोंगरासाठी तयार करून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टायरातला चिखल काढायची.

लिफ्टवाला उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. बुधवारच्या टोळीत वर्षानुवर्षं तोच पुढे असायचा. त्याच्यामागे औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, ड्रॉइंगचे सर आणि सरांचा मेहुणा. या हिवाळ्यात मात्र तो मागे पडू लागला होता, आणि त्याचं खापर तो लाइटवर फोडत होता.

पहिला लाइट हँडलवरचा होता. त्याची तक्रार, वळणावर काही दिसत नाही. ताईला ते पटलं. हँडलवरचा झोत चाक बघेल तिकडेच बघतो, माणसाची नजर आधीच वळणापलीकडे गेलेली असते. म्हणून तिने हेल्मेटवर लावायचा दिला. तो आठवड्यात परत आला, बोगद्यातून बघितल्यासारखं वाटतं म्हणून. मग पसरट झोताचा दिला, तर तो मिळमिळीत निघाला. हा चौथा. एवढा प्रखर लाइट तिने आजवर कुणाला दिला नव्हता.

बाकीची गिऱ्हाइकं भांडायची ती बॅटरीवरून. खोक्यावर तीन तास लिहिलंय, दीड तासात मान टाकतो, वगैरे. लिफ्टवाल्याने बॅटरीबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. ते तिला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण वैतागलेल्या माणसाला काही खटकत नाही, नुसता राग येतो.

"आमच्या वेळी डायनामोवर डोंगर चढायचे लोक," कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाबा म्हणाले. "पायडल थांबलं की दिवा गुल. कुणी परत नाही आणला."

"बाबा, तुम्ही पेपर वाचा."

"वाचतोय की. पेपरला काय कान लागतात?"

गिऱ्हाइकांतला एकजण फिसकन हसला. लिफ्टवाल्याचे कान लाल झाले. त्याने खोका तिच्याकडे सरकवला, पण तो सरकवताना काउंटरच्या कडेचा तेलाचा डबा त्याच्या कोपराने खाली गेला. पिवळं तेल फरशीवर पसरलं. तो डबा सकाळपासून तिथेच होता, कोपरापासून वीतभर अंतरावर.

"अहो, जरा बघून!"

"अंधार किती करून ठेवलाय इथे," तो पुटपुटला.

भर दुपारचे साडेबारा वाजले होते. दुकानात ट्यूबलाइट होती. ताईने हातातला पाना खाली ठेवला. चिंधी घेऊन तेल पुसता पुसता तिचं डोकं असं फिरलं की ती सगळ्यांदेखत म्हणाली, "उद्या बुधवार. मी येते तुमच्याबरोबर. हाच लाइट लावा. काय दिसत नाही ते माझ्यासमोर दाखवा. खरंच दिसत नसेल तर मी कंपनीशी भांडेन. दिसत असेल तर पुन्हा दुकानात लाइटचं नाव काढायचं नाही."

"या," तो म्हणाला. पण सायकलवर टांग टाकताना त्याने मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान सहालाच बंद केलं. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्या जुन्या हेल्मेटकडे पाहिलं आणि फक्त "शाल घेऊन जा" एवढंच म्हणाले.

पायथ्याशी पोचेपर्यंत पूर्ण काळोख झाला होता. कंपाउंडर, सर आणि मेहुणा थांबून कंटाळून पुढे गेले होते. वरच्या वळणांवर त्यांचे तीन ठिपके हलताना दिसत होते. लिफ्टवाल्याने चौथा लाइट हँडलवर चढवला आणि बटण दाबलं. समोरची पायवाट, खडी, झाडांचे बुंधे, दूरची दगडी भिंत, सगळं पांढरंफट झालं. ताईला आपला माल बघून अभिमानच वाटला.

"हे कमी आहे?" तिने विचारलं.

तो पायडल मारायला लागला.

सरळ चढावर तो छान गेला. दगड आधीच ओळखत होता, खड्डा येण्याआधीच वजन मागे टाकत होता. सहा वर्षांनी चढणाऱ्या ताईची छाती भात्यासारखी वाजत होती, आणि ती मनातल्या मनात त्याला द्यायच्या उत्तरांची उजळणी करत होती. मग पहिलं मोठं वळण आलं. कडेने एक फांदी वाटेवर वाकली होती, नवी, नुकतीच मोडलेली. तिला ती मागूनही दिसली. लिफ्टवाला सरळ त्या फांदीत घुसला. सायकल चरात गेली आणि तो गुडघ्यांवर पडला.

"लागलं का?"

"नाही. बघितलंत? दिसत नाही ते बघितलंत ना?" तो जवळजवळ ओरडलाच. "मी म्हणतोय तर कुणाला खरं वाटत नाही!"

ताईने त्याची सायकल उचलून वाटेवर आणली. लाइट जळत होता. झोत बरोब्बर समोरच्या पांढऱ्या दगडावर पडला होता. आता ताईला राग नव्हता, तिचा नुसता गोंधळ उडाला होता.

"तो दगड दिसतोय?"

"दगड दिसतोय. दगडाचं काय घेऊन बसलात?"

ती सायकल त्याच्या हातात देऊन दोन पावलं डावीकडे झाली, मोडलेली फांदी बाजूला ओढायला. फांदी जड होती. ती क्षणभर तशीच उभी राहिली, दम घेत. झोताच्या उजेडाने तिचे स्वतःचे बूट, फांदीची पानं, त्याचा खरचटलेला हात, सगळं तिला स्वच्छ दिसत होतं.

"ताई?" तो म्हणाला. "ताई, कुठे गेलात?"

त्याने हात पुढे केला असता तर तो तिच्या खांद्याला लागला असता.

ती काही बोलायच्या आधीच, ती शेजारीच आहे हे त्याला कळलं. तिचा श्वास त्याला ऐकू आला असावा, इतक्या जवळून. त्याने मान वळवली आणि तिच्या चेहऱ्याच्या थोडं वर, झाडात, बघत राहिला.

"इथेच आहे," ती म्हणाली.

तो चराच्या काठावर बसला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय माहीत. दोन वर्षं असेल. आधी नुसतं संध्याकाळचं व्हायचं. आता कडेकडेचं दिवसाही जातं. समोरचं दिसतं, एकदम चांगलं दिसतं. बाजूचं असं कुणी पुसून टाकल्यासारखं." तो थांबला. "माझ्या आईचं असंच होतं. दिवेलागणीला भिंत धरून चालायची. आम्ही पोरं तिला चाचपडी म्हणायचो. तिच्या वाटेत मुद्दाम पाट ठेवायचो."

ताई त्याच्याशेजारी बसली. सोळा वर्षांत याच्या तोंडून तिने एवढं ऐकलं नव्हतं.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की लिहितात. लिहिलं की साहेबांकडे जातं. लिफ्टच्या डक्टमध्ये काय ट्यूबलाइट असते होय? एक बल्ब आणि खाली सात मजले." त्याने हातावरचं रक्त पँटला पुसलं. "गेल्या महिन्यात माझ्या पायाने पाना गेला खाली. पायाशीच होता, दिसला नाही. खाली कुणी नव्हतं म्हणून. रात्रभर तो आवाज येत होता कानात. घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

"आणि माझ्याकडे लाइट बदलत बसलात."

"तुम्हाला राग येणारच." तो हसला, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. "लाइट खराब निघाला ना, की मला बरं वाटायचं. चार वेळा बरं वाटलं ताई."

तिला काल दुकानातलं आपलं सगळं बोलणं आठवलं, हसणारं ते गिऱ्हाईकही आठवलं. माफी मागावी असं तिच्या मनात आलं. पण ती मागितली असती तर त्यालाच तिची समजूत काढत बसावं लागलं असतं.

"उठा," ती म्हणाली. "चालत उतरू. मी डावीकडून चालते. काही आलं तर सांगते."

"हात धरायचा नाही."

"कोण धरतंय?"

ते उतरायला लागले. ताई सांगत राहिली, दगड, मूळ, इथे पायरीसारखं आहे, आता सपाट. तो "हं" म्हणायचा आणि पाऊल टाकायचा. सुरुवातीला त्या "हं"मध्ये चीड होती. मग नुसतंच "हं" उरलं. अर्ध्यावर तो म्हणाला, "उद्या साहेबांना सांगतो. कुणाच्या डोक्यात पाना पडण्याआधी सांगितलेलं बरं." जरा वेळाने म्हणाला, "आधी बायकोला." ताई म्हणाली, "खड्डा. उजवीकडून घ्या."

शेवटच्या उतारावर मागून खडखडाट आला. टोळी परतत होती. तिघांनी ब्रेक दाबले, खडी उडाली आणि तीन झोत एकदम त्या दोघांवर आले.

"काय हो, पुढारी! पायी?" कंपाउंडरने विचारलं. "पंक्चर का?"

"हो, मागचं," ताई पटकन म्हणाली.

"नाही," लिफ्टवाला म्हणाला. "पंक्चर नाही. मला अंधारात दिसत नाही. डोळे चाललेत माझे. लाइट चांगला आहे, ताईंच्या दुकानातूनच घ्या."

मग ड्रॉइंगच्या सरांनी हात वर नेऊन आपला हेल्मेटवरचा झोत खाली वळवला. बाकीच्या दोघांनीही वळवला. आता उजेड फक्त पायांपाशी होता.

लिफ्टवाला ताठ उभा होता, एक हात सायकलच्या सीटवर ठेवून, उत्तराची वाट बघत. पण तो ज्या बाजूला तोंड करून उभा होता तिथे कुणीच नव्हतं, नुसती झाडी होती. तिघे त्याच्या डावीकडे होते. ताईने त्याला वळवलं नाही. एकेक करून तेच तिघे सायकली ढकलत त्याच्या समोर जाऊन उभे राहिले.