कारणाचा रकाना

आयुषनं पंचाला मारलं ते पॉइंट नाकारला म्हणून नव्हे. पॉइंट दिला म्हणून. इथंच सगळ्यांची डोकी फिरली. माझं पण.

कळमनुरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आयुष माझ्या गावचा, माझ्याच वर्गातला. कबड्डीच्या मोठ्या लीगमध्ये गेलेला आमचा एकुलता एक गडी. महिन्याखाली तो शेवटच्या चढाईला गेला, कुणालाच न शिवता परत आला. पंचानं तरी पॉइंट दिला. सामना जिंकला. स्टेडियम नाचत होतं आणि यानं पंचाच्या अशी कानाखाली ठेवली, की कानाचा पडदा फाटला.

टीव्हीवर कोट घातलेले लोक म्हणाले, गरिबाच्या पोरांना पैसा पचत नाही. तुमच्या बापाला पचला होता का रे? लीगनं एक समुपदेशक बाई दिली. तिनं फोनवर चाळीस मिनिटांत शोध लावला, की लहानपणी बापाचा मार खाल्लेला असणार. बाप म्हणजे किशनरावकाका. त्यांनी बैलावरसुद्धा कधी हात उचलला नाही.

आज पाचच्या आत माफीनामा गेला तर बंदी एक वर्षाची, नाहीतर जन्माची. साडेचारला दोघं बापलेक माझ्या दुकानात बसलेले. नाव, संघ, तारीख भरून झालं. राहिला एकच रकाना. कारण.

माझा हा धंदाच आहे. जन्मदाखल्याला उशीर काहून झाला, रेशनकार्ड काहून हरवलं, मी कारणं भरतो आणि अर्ज मंजूर होतात. आयुषसाठीही झकास कारण लिहिलं. आमच्या गावच्या मैदानात पंच नसतो. हात लागला की गडी स्वतःच हात वर करून बाहेर जातो. अशा मातीतल्या पोराला खोटा पॉइंट सहन झाला नाही. लिहिताना माझाच ऊर भरून आला.

आयुषनं वाचलं आणि हसला.

"इज्या, मागच्या हंगामात मी असे पाच पॉइंट घेतले. तवा कुणाला मारलं?"

"मग राग आला म्हणून लिहू?"

"राग नव्हता रे."

"मग काय होतं?"

तो स्वतःच्या पंजाकडं बघत राहिला. म्हणाला, पंच हसून राहिला होता, ते आठवतं. मग एकदम त्याच्या कानातलं रक्त. मधलं काहीच नाही. मला त्यालाही एक ठेवून द्यावीशी वाटली. दहा वर्षं घाम गाळलास आणि तुला तुझंच माहीत नाही?

त्यानं कीबोर्ड ओढला. माझं सगळं खोडून एका बोटानं टाइप केलं: "कारण मला माहीत नाही. परत करीन का, तेही माहीत नाही." आणि तोंड धुवायला मागं रांजणाकडं गेला.

पाचला सहा मिनिटं होती.

काकांनी खुर्ची पुढं ओढली. हळूच म्हणाले, "लेकरा, शेवटचं वाक्य काढ. ते वाचून कोण घेईल त्याला?"

बराबर होतं त्यांचं. काढलं. त्याच्या जागी माझ्या मनानं टाकलं, पुन्हा असे होणार नाही. पाठवलं.

आयुष बाहीनं तोंड पुसत आला.

"गेलं?"

"गेलं."

"मी लिहिलं तसंच?"

काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघू लागले. मी व्हय म्हणालो. तर त्याचा चेहरा असा सैल पडला, जसा मी महिनाभरात पाहिला नव्हता. खुर्चीत टेकून डोळे मिटून म्हणाला, पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगितलं. आता घेवोत की हाकलोत.

मी मदत केली की त्याचा गळा कापला, मला कळेना.

"एक प्रिंट दे," तो म्हणाला. "जवळ ठेवतो."

माझ्या दुकानातून प्रिंट घेतल्याशिवाय कुणी जात नाही. शाई संपली म्हणावं, तर त्याच्यासमोर मघाशी एका बाईचा सातबारा काढून दिला होता. मी बटण दाबलं. कागद हळूहळू बाहेर येऊ लागला. आयुषनं तो घ्यायला हात पुढं केला, आणि मी माझा कान झाकू की नको, या विचारात उभा राहिलो.