हलकेबाबा आणि शेपटीतलं लोखंड

"सुटलं! अहो, चाक सुटलं बघा!"

माळावरची गर्दी एकदम ओरडली. मधोमध दोन खुंट्यांना दोरांनी बांधलेलं एक पिवळं, एकआसनी विमान उभं होतं आणि त्याच्या नाकावर हात ठेवून हलकेबाबा डोळे मिटून पुटपुटत होते. इंजिन बंद, पंखा थांबलेला. तरी विमान थरथरलं, दोर ताणले गेले आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून चांगली चार बोटं वर आली. पुढच्या एका गृहस्थाने आडवं पडून चाकाखालून हात फिरवून दाखवला. मग काय विचारता! कोणी हात जोडले, कोणाला हुंदका फुटला, एकाने तर बायकोलाच ढकललं, "जा, पाया पड, तुझे गुडघे जातील." गुडघे जातील म्हणजे दुखणं जाईल, असं त्याला म्हणायचं होतं.

बाबांनी डोळे उघडले. "जडपणा वस्तूत नसतो, बाळांनो. लोखंडाला वाटतं की आपण लोखंड आहोत, म्हणून ते जड! मी फक्त त्याची समजूत काढतो." लोखंडाची समजूत काढून झाली की बाबा माणसांकडे वळायचे. माळाच्या कडेला त्यांचे दोन चेले गुडघे हलके करणाऱ्या पाण्याच्या बाटल्या विकत बसलेच होते.

गर्दीत मागे उभ्या होत्या त्या बाई. शाळेत विज्ञान शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. विमान त्यांच्या नवऱ्याचं. त्याचं मोटारी दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि मागच्या शेडमध्ये त्याने स्वतः आराखडा काढून, नळ्यांना वेल्डिंग करून हे विमान उभं केलं होतं. पंखांवरचं कापड बाईंनी शिवलं होतं आणि इस्त्री फिरवून फिरवून ढोलासारखं ताणून बसवलं होतं. लग्नानंतरची सगळी वर्षं त्या शेडमध्ये गेली म्हणा ना.

नवरा हुशार, पण भारी धास्तावलेला माणूस. एखाद्या जोडाची शंका आली की लावली वर लोखंडी पट्टी. रात्री पुन्हा शंका, सकाळी पुन्हा पट्टी. आणि शंका यायची ती नेमकी शेपटीची, कारण शेपूट तुटलं तर विमान आवरत नाही हे त्याने कुठेसं वाचलं होतं. असं करता करता शेपूट इतकं जड झालं की तोलच बिघडला. जड शेपटीचं विमान उडालं की नाक वर वर जातं, खाली येत नाही, वेग मरतो आणि मग विमान धोंड्यासारखं पडतं. हे बाईंना त्यानेच शिकवलं होतं. उपायही त्याला ठाऊक होता. पुढची दोन आणि शेपटीखालचं एक, अशा तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवायचे, तोल काढायचा, सांगाडा कापायचा आणि इंजिन पुढे सरकवायचं. म्हणजे आणखी निदान वर्षभराची मरमर.

त्याच सुमाराला सासूबाई बाबांना घरी घेऊन आल्या. बाबांनी शेड पाहिली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जड झालंय? मी आहे ना! रविवारी उडव."

तेव्हापासून विमान माळावर होतं आणि बाबा रोज संध्याकाळी ते उचलून दाखवत होते. आज शुक्रवार होता. बाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या.

"बाबा, एक विनंती आहे. विमानाचं तोंड त्या बाजूला फिरवू या. मग उचलून दाखवा."

"बाई, श्रद्धेला दिशा नसते."

"मग तर अडचणच नाही. चला रे, धरा पंख!"

शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांना बाईंचा तो आवाज ओळखीचा होता. पाचसात जण धावले, दोर सोडले, विमान उलटं फिरवून पुन्हा बांधलं. आता खिंडीकडून येणारा संध्याकाळचा वारा शेपटीकडून लागत होता. बाबांनी नाकावर हात ठेवला. पुटपुटले. मोठ्याने पुटपुटले. घाम आला. चाकं आपली जमिनीला चिकटलेली ती चिकटलेलीच.

बाईंनी विमान पुन्हा पहिल्यासारखं फिरवायला लावलं आणि बाबांचा हात धरून त्यांना लांब, बाटल्यांपाशी नेऊन उभं केलं. खिंडीतून झोत आला आणि विमान थरथरलं. चाकं उचलली गेली.

"बघितलंत? पंखाचा आकारच असा आहे की समोरून वारा लागला की तो वर उचलला जातो. माझ्या नवऱ्याने तो तसाच बनवलाय. इंजिन विमानाला पळवून वारा अंगावर घेतं, इथे वारा आपणहून येतो, एवढाच फरक. बाबा रोज संध्याकाळीच का येतात? दुपारी वारा पडलेला असताना का नाही?"

बाटल्यांकडे गेलेले हात मागे आले. बाईंना वाटलं, झालं, जिंकलो. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या.

"अगं सूनबाई, पण वारा कोणी पाठवला?"

"बाबांनी!" गर्दी खूश झाली. बाबा मंद हसले आणि बाटल्या पुन्हा खपायला लागल्या. बाई घराकडे वळल्या.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला शेडमध्येच गाठलं. "अहो, तुम्ही तरी बोला ना! त्या पंखाची रेघ न् रेघ तुम्ही काढलीय."

तो पान्हे पुसत होता. "वाऱ्याचं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग?"

"मग काय? इतक्या वर्षांत 'उडेल' असं म्हणणारा तो पहिला माणूस भेटला. तू सुद्धा म्हणतेस, मोजा, मोजा."

"मग मोजा ना! दाणेवाल्याकडून काटे आणते मी. आत्ता आणते."

"अगं, मोजलं तर कळेल. आणि कळलं की मला उडता येणार नाही. मी थकलोय गं."

बाबाची युक्ती त्यांनी चारचौघांत उघडी पाडली होती, पण या थकव्याला कुठल्या बाजूने फिरवून दाखवायचं ते त्यांना कळेना. शनिवारी त्यांनी पंख्याचे बोल्ट काढून पिठाच्या डब्यात लपवले. ज्याने अख्खं विमान घडवलं त्याला बोल्टचं काय कौतुक! दुपारपर्यंत नवे बसले. पोलिसांकडे गेल्या, तर तिथला हवालदार म्हणाला, "बाई, बाबांचा आशीर्वाद आहे, काळजी कशाला करता?" रात्रभर त्या रडल्या आणि तो त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

रविवारी विमान धावलं, सुटलं आणि माळावर एकच जल्लोष झाला. नाक वर गेलं. मग आणखी वर गेलं. नाक खाली आणायला दांडा पुढे रेटून धरलेला नवरा बाईंना खालून स्पष्ट दिसत होता. "आता नाक नाही यायचं खाली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. विमान क्षणभर हवेत लटकल्यासारखं झालं आणि कोसळलं.

तो वाचला. आसनाचा पट्टा घट्ट होता, इंधन पेटलं नाही आणि दवाखाना जवळ होता, म्हणून वाचला. कमरेखाली संवेदना नाही. परत येईल का, हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी बाबा दवाखान्यात आले आणि मागून निम्मं गाव. "मी वरून धरलं म्हणून बचावला," बाबा म्हणाले. "हे लोखंडच अश्रद्ध निघालं." सासूबाईंनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

नवऱ्याने डोळे उघडले. "आई, शेपूट जड होतं. मला माहीत होतं. मी मोजलं नाही."

"गप्प पड रे बाळा, ताप चढलाय तुला," सासूबाई म्हणाल्या आणि बाबांनी दिलेल्या पाण्याचा हात त्याच्या निर्जीव पायांवरून फिरवायला लागल्या. बाईंनी त्यांना थांबवलं नाही. ओला टॉवेल घेतला आणि दुसरा पाय पुसायला बसल्या.

मंडळी, युक्ती उघडी पडली म्हणून बाबा संपत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. वारा सगळ्यांना कळला होता, ज्याने पंख बनवला त्याला तर सगळ्यात आधी कळला होता. तुमच्याही घरात असं कोणीतरी थकलेलं असेल. बाबाने हात ठेवायच्या आत त्याच्या खांद्यावर तुम्ही ठेवा, त्याला जेवायला वाढा, 'होईल' म्हणा. पण तेवढ्यावर उठू नका. काटे आणा, दोघं मिळून वजन करा, आकडा वाईट निघाला तर त्याच्याबरोबर करवत हातात घ्या. खरं कळलं तर वर्ष वाया जातं. बाईंना विचारा, एक वर्ष किती लहान असतं ते.