तक्त्यातली सातवी ओळ

आक्काच्या घरात खोटं बोलायची मुभा कुणालाच नव्हती. मुलाला नाही, सुनेला नाही, दुधावर डोळा ठेवून बसणाऱ्या मांजरालाही नाही. ती मुभा आक्कानं एकदाच घेतली, फक्त स्वतःपुरती, आणि मग वर्षभर पुरवून पुरवून वापरली.

"जावयाची गाडी वेळेवर आली नाही, म्हणून माझी धाकटी गेली."

एवढंच ते खोटं. जावई पावाच्या कारखान्याची गाडी चालवायचा, पहाटेपासून दुकानोदुकानी पाव टाकत फिरायचा. त्यामुळे लोकांना ते पटायला वेळ लागला नाही. जगाला पाव पोचवतो आणि बायकोला दवाखान्यात पोचवता येत नाही, असं अख्खी गल्ली म्हणायची. हे वाक्यसुद्धा गल्लीला सुचलेलं नव्हतं. तेही आक्काचंच.

जावई कधी उलटून बोलला नाही. दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी यायचा आणि उंबऱ्यावर बसायचा. ऑपरेशन करून धाकटीच्या पोटातून वाचवलेली पोर आता वर्षाची झाली होती. तिला सगळे चिमणी म्हणत. तासभर तो चिमणीला मांडीवर घ्यायचा, आणि आक्का घड्याळाकडे बघायला लागली की उठायचा. ज्याला बायको सांभाळता आली नाही त्याला लेक काय सांभाळता येणार, असा निकाल आक्कानं पहिल्याच महिन्यात देऊन टाकला होता. पोर आजीकडेच राहणार. आक्का म्हणाली म्हणजे म्हणाली.

अशाच एका गुरुवारी, भर दुपारी, चष्मेवाली डॉक्टरीण दुसऱ्यांदा आली.

पहिल्यांदा आली होती नऊ महिन्यांपूर्वी. मोठ्या दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात कामाला, हडकुळी, बोलायच्या आधी माफी मागणारी. गरोदरपणात नाहीतर बाळंतपणात दगावलेल्या अकरा बायकांच्या घरी ती फॉर्म घेऊन फिरत होती. पहिलं लक्षण कधी दिसलं, घरातून किती वाजता निघालात, मधल्या वेळात उशीर कशानं झाला. त्याचा लेख करून तिला बायकांच्या आजारांवरच्या मासिकाला पाठवायचा होता.

"बायकांचं मासिक?" आक्का तेव्हा म्हणाली होती. "त्यात तर स्वेटरचे टाके असतात."

"हे डॉक्टर लोकांचं असतं, आक्का. नाव कुणाचंच छापत नाहीत. नुसते नंबर."

नाव नाही म्हटल्यावर आक्कानं आपलं ठरलेलं वाक्य सांगितलं आणि संमतीच्या कागदावर सही केली. दुसरीपर्यंत शिकलेली बाई. एकेक अक्षर कान धरून रांगेत उभं केल्यासारखं काढलं.

आज डॉक्टरीण खुर्चीच्या अगदी कडेला टेकली आणि पिशवीतून कागदांची चळत काढून मांडीवर ठेवून बसली.

"माफ करा आक्का. लेख परत आलाय."

"का? शुद्धलेखन चुकलं?"

"छापायच्या आधी मासिकवाले तो दुसऱ्या डॉक्टरांना वाचायला देतात. तपासायला. ते कोण, कुठले, आम्हाला सांगत नाहीत, आणि आमचं नाव त्यांना सांगत नाहीत. त्यातल्या एकानं चौदा शंका काढल्या. तेरा निस्तरल्या मी. एक राहिली, ती तुमच्या घरची."

"उंटावरचा शहाणा," आक्का म्हणाली. "बसल्या जागी शंका काढायला काय जातं त्याचं? काय म्हणतो?"

डॉक्टरणीनं एक कागद पुढे केला. त्यावर तक्ता होता, आडव्या अकरा ओळी. आक्काला अक्षरं दमवत, पण आकडे येत होते. तिचं बोट घरंगळत आलं आणि सातावर थांबलं.

"ही धाकटी?"

"हो. वय चोवीस, पहिली खेप. घर ते दवाखाना अर्धा किलोमीटर. डोकं दुखायला लागलं सकाळी साडेआठला, घरातून निघाले तीनला. उशिराचं कारण, गाडी मिळाली नाही." डॉक्टरीण खाली बघून बोलत होती. "गाडी न मिळालेल्या बाकीच्या बायका तीस-चाळीस किलोमीटरवरच्या आहेत. तो लिहितो, अर्ध्या किलोमीटरसाठी साडेसहा तास गाडीची वाट बघितली हे पटत नाही. खुर्चीत बसवून नेता आलं असतं. माहिती पुन्हा तपासा, नाहीतर ही ओळ काढून टाका."

आक्काच्या खिडकीतून दवाखान्याची घंटा ऐकू यायची. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली की ती डाळीखालचा गॅस बंद करायची, इतका दवाखाना जवळ. वर्षभरात शंभर माणसं येऊन डोळे पुसून गेली. त्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. आणि कुठल्या मुलखातला कोण तो, ज्यानं आक्काचं तोंड पाहिलं नाही की घर पाहिलं नाही, त्यानं नुसते आकडे बघून नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. उंटावर बसलेल्याला कधी कधी लांबचं दिसतं म्हणायचं.

"काढून टाका म्हणजे?"

"अकराच्या दहा करायच्या. आमचे मोठे सर म्हणाले, काढ, दहांवरही लेख होतो. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मीच म्हटलं, एकदा तुम्हाला विचारावं."

"आणि धाकटी?"

"ती मग लेखात नसेल."

धाकटीचे कपडे सुनेनं कधीच वाटून टाकले होते. तिचा फोन नंबर मुलानं पुसला होता. तिची खाट दुमडून माळ्यावर गेली होती. राहता राहिली होती ही एक ओळ, तीही बिननावाची. ती ठेवायची तर खरं सांगावं लागणार होतं. आणि खरं ऐकायला उंबऱ्यावर नेमका जावई बसलेला होता, मांडीवर चिमणीला घेऊन. इतका वेळ तो पाय हलवत पोरीला झुलवत होता. आता पाय थांबला होता.

सांगितलं तर पोर ठेवून घ्यायला तोंड उरणार नव्हतं. नाही सांगितलं तर लेक दुसऱ्यांदा जाणार होती. आक्कानं दोन्हीकडे एकेकदा बघितलं.

"गाडी आली होती," ती म्हणाली.

डॉक्टरणीचं पेन हातातच राहिलं.

"लिही. मी पुन्हा सांगणार नाही. साडेआठला म्हणाली, आई, डोकं फुटतंय. मी म्हटलं, पडून राहा. दहाला म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, बरगडीखाली दुखतंय. मी म्हटलं, पित्त आहे. माझी पाच बाळंतपणं घरात झाली, गल्लीतल्या निम्म्या पोरांची नाळ मी कापली, मला नको शिकवू. तिनं माझ्या नकळत नवऱ्याला फोन केला. तो गाडी घेऊन आला."

"अकरा वाजून दहा मिनिटांनी," उंबऱ्यावरून जावई म्हणाला. वर्षभरात या घरात त्यानं उच्चारलेलं ते पहिलं मोठं वाक्य असेल. "इंजिन चालूच ठेवलं होतं मी."

"चालूच होतं," आक्का म्हणाली. "मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, कळा नाहीत, काही नाही, पोरीला पावाच्या खोक्यांत घालून कुठे निघालात जावईबापू? जा आपल्या कामाला. मग तीनला तिला झटके आले. तेव्हा गल्लीतल्या चौघांनी उचलून पळवत नेली. आठ मिनिटं लागली."

चिमणी बापाच्या शर्टाचं बटण ओढत होती.

डॉक्टरणीनं पेन कागदावर टेकवलं. "मग कारणाच्या रकान्यात लिहिते, घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या सल्ल्यामुळे उशीर."

"सल्ला?" आक्का कडाडली. "सल्ला मोडता येतो गं बाई. माझा शब्द मोडायची या घरात कुणाची छाती होती? अडवलं. अडवलं असं लिही."

डॉक्टरणीनं लिहिलं.

"आता तुझं लिही."

"माझं?"

"चष्मा नवा घेतलास. तेव्हा काळ्या काड्यांचा होता." आक्का तिच्याकडे बघत राहिली. "धाकटी गेली त्याच्या दोन दिवस आधी मी तिला घेऊन तुझ्याकडे आले होते की नाही? पाय हे एवढे सुजलेले. चपला घालता येईनात म्हणून भावाच्या घालून आणली होती. तीन तास रांगेत. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, हिचं बीपी बघा. तू मान वर न करता म्हणालीस, आजी, पहिलटकरणीला सूज येतेच, कळा आल्याशिवाय येऊ नका. मागच्या चार बाया फिदीफिदी हसल्या. म्हणून त्या दिवशी दारात आडवी उभी राहिले मी. कळा नव्हत्या, आणि मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं."

डॉक्टरणीनं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिली.

"मशीन बिघडलेलं होतं," ती शेवटी म्हणाली. "दुसरं आणायला वरच्या मजल्यावर जावं लागलं असतं. बाहेर नव्वद बायका होत्या."

"मग तेच लिही. माझं लिहिलंस ना त्याच शाईनं."

तिनं लिहिलं. आक्कानं कागद हातात घेतला. वाचता येणार नव्हतं, पण ओळी किती झाल्या ते मोजलं, आणि परत दिला.

डॉक्टरीण गेल्यावर जावई उठला. चिमणी त्याच्या खांद्यावरच होती.

"मीही गाडी वळवलीच ना, आई," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात म्हणून. मला काय हात नव्हते, तुम्हाला बाजूला करायला? रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी मी कुठेही असलो तरी गाडी बाजूला घेतो." मग पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, "हिला घेऊन जातो मी. माझी बहीण दिवसा बघेल."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी आक्कानं त्याला शब्दांनी सोलून काढलं असतं. ती आत गेली, पोरीची दुपटी, दुधाची बाटली, एक कान तुटलेला कापडी ससा पिशवीत भरून आणला. "झोपताना डावी कूस लागते तिला," एवढंच म्हणाली. जावयानं गाडीचं दार लावलं आणि पोर काचेतून आजीकडे बघून हसली. तिला वाटलं फिरायला निघालोय.

संध्याकाळी मुलगा आणि सून कामावरून आले. आक्कानं त्यांनाही सांगितलं. मुलगा ताटावरून उठून गेला, तो आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. सून बोलली, पण आता ती आक्काला विचारून भाजी टाकत नव्हती.

लेख छापून आला त्याला आणखी पाच महिने लागले. डॉक्टरीण तो घेऊन आली, पण दारातच उभी राहिली. आक्कानं बस म्हटलं नाही. तक्ता उघडला, सातावर बोट ठेवलं.

"वाच."

"घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं अडवल्यामुळे उशीर."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"तुझं?"

"मी लिहिलं होतं, आक्का. सरांनी काढलं. म्हणाले, केसपेपरवर त्या दिवसाची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नाही. लेखावर त्यांचं नाव पहिलं आहे." तिचा आवाज बारीक झाला. "दुसरं माझं. मी गप्प बसले."

"आणि तो उंटावरचा शहाणा? माझं खोटं अचूक पकडलं त्यानं. तुमचं दिसलं नाही?"

"जे तक्त्यातच नाही, ते त्याला कसं दिसणार?"

आक्कानं कागदाची घडी घातली, अगदी कडेला कड जुळवून.

"मी वर्षभर सांगत होते गाडी आली नाही. खरं बोलले आणि नात गमावून बसले, तरी बोलले. तुला अजून किती वर्षं लागतील?"

डॉक्टरीण आपणहून आत आली, खुर्ची ओढली आणि मासिकाच्या संपादकाला पत्र लिहायला बसली. छापलेल्या लेखात काही राहिलं असेल तर तसं पत्र धाडता येतं, म्हणाली. सुजलेले पाय, तीन तासांची रांग, बिघडलेलं मशीन, परत पाठवणी, सगळं लिहिलं. वाचून दाखवताना दोनदा थांबली. खाली तिनं सही केली. तिच्या सहीशेजारी आक्कानं आपली अक्षरं उभी केली, ती या वेळी जरा वाकडी आली. दुसऱ्या दिवशी तिनं पत्राचं सांगताच सरांनी तिला बाळंतपणाच्या वॉर्डातून काढून नोंदणीच्या खिडकीवर बसवलं, हे तिनं आक्काला फार पुढे सांगितलं.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. त्या दिवशीही गुरुवार होता. आता गुरुवारी आक्काच जावयाकडे जायची, त्याच्या उंबऱ्यावर बसायची. चिमणी अजून पटकन जवळ येत नव्हती, आत्याच्या मागे लपून बघायची. डॉक्टरणीनं तिथेच येऊन कागद वाचून दाखवला.

"आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. मात्र लेख प्रसिद्ध झाल्यापासून आठ आठवड्यांच्या आत आलेल्या पत्रांचाच विचार केला जातो. आपलं पत्र दहाव्या आठवड्यात मिळालं."

"म्हणजे?"

"अंक माझ्याकडे वेळेवर आला होता, आक्का. तुमच्याकडे घेऊन यायचा धीर होईना. दोन महिने कपाटात ठेवला मी." डॉक्टरणीनं डोळे मिटले. "उशीर झाला म्हणतात."

आक्कानं हात पुढे केला. कागद घेतला, उलटासुलटा बघितला आणि कमरेला खोचलेल्या तक्त्याच्या घडीत सरकवला. मग जावयाच्या घड्याळाकडे नजर टाकली. तास भरायला अजून दहा मिनिटं होती. आत्याच्या पदराआडून चिमणी बघत होती. आक्का तिला हाक न मारता, नुसते हात पसरून बसून राहिली.