शकुनचा दौरा

खुशाल चित्र एजन्सी अमरावतीत सात वर्षं चालली, आणि ती का बुडाली याबद्दल लोक अजून मला अक्कल शिकवतात. कोणी म्हणतं मुंबईवाल्यांनी गिळली, कोणी म्हणतं लढाई लागली आणि फिल्म मिळेनाशी झाली. मी, नत्थुजी, पहिल्या दिवसापासून तिथे फिल्म तपासायला होतो. मला विचारायचं मात्र कोणाला सुचत नाही, म्हणून आता न विचारता सांगतो.

खुशालराव, म्हणजे आमचे भाऊ, मूळचे वरूडचे संत्रावाले. मुंबईहून चित्रपट आणायचे आणि वऱ्हाडातल्या थेटरांना, जत्रेतल्या तंबूंना भाड्याने द्यायचे, असा धंदा त्यांनी चौतीस साली काढला. मोठ्या कंपन्यांपुढे आपण टिकणार कसे, तर त्यांनी एक शक्कल लढवली. एका कॅमेरावाल्याला वरूडच्या बागेत नेलं आणि संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या बायांची दीड मिनिटाची फिल्म काढली. ती आम्ही प्रत्येक चित्रपटाच्या आधी लावायचो. आपल्यासारखी लुगडी नेसलेल्या बाया पडद्यावर बघून अकोल्यापासून पातूरपर्यंत लोक खुळावले.

त्या फिल्ममध्ये भाऊंची सात वर्षांची शकुन न सांगता घुसली. पेट्यांमागून हसत पळत यायची, अगदी कॅमेऱ्याजवळ थांबायची, मग गर्रकन वळून झाडांत पळून जायची. अकरा सेकंद. दोन महिन्यांनी मोतीझिऱ्याच्या तापाने ती गेली. मूळ फिल्म मुंबईच्या कारखान्यात आगीत गेली होती. उरली ती आमच्याकडची एकच प्रत.

मला वाटलं, भाऊ ती आता बंद करतील. त्यांनी केली नाही, स्वतः मात्र ती पुन्हा कधी पाहिली नाही. ते टेबलाशी बसून म्हणायचे, "शकुन आज मूर्तिजापूरले हाय. सोमवारी येते." डबा परत आला की आधी प्रश्न, "आली का, नत्थुजी?" मी म्हणायचो, "आली, भाऊ." पुढे पुढे मीही तसंच बोलू लागलो. अकोल्याला जठारपेठेत आमचा माणूस होता, त्याचंही पत्र यायचं, शकुन सुखरूप पोचली. परगावच्या माणसाने वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, मुलगी मामाकडे गेली आहे.

एकदा धीर करून मी म्हटलं, "भाऊ, झिजून राहिली थे. डब्यात जपून ठेवू."

"एकदा मातीत ठेवली," ते म्हणाले, "आता डब्यात ठेवू?"

ज्याचं जळतं त्याला कळतं.

पण ती खरंच झिजत होती. तंबूवाल्यांची यंत्रं म्हणजे कडबा कापायची यंत्रं. फिल्मच्या कडेची भोकं फाटायची आणि प्रत माझ्याकडे यायची. फाटलं तिथे कापून जोड द्यायचा, आणि जोड देताना चार-सहा चित्रं टाकावीच लागतात. जोडाच्या आधीची टाकायची की नंतरची, ते तपासणाऱ्याच्या हातात. आमच्या धंद्यात रीत अशी की सुरुवातीकडून कापावं आणि शेवट राखावा. सुरुवातीला लोक जागा शोधत असतात, बिड्या पेटवत असतात. शेवट तुटला तर खुर्च्या फेकतात. मी इमानदार माणूस. शकुनच्या तुकड्यालाही मी तीच रीत लावली. सात वर्षं.

भाऊंच्या बायकोने, लीलाबाईंनी, ती फिल्म कधी पाहिली नव्हती. त्या वरूडलाच राहायच्या. "मेलेल्या लेकराले गावोगाव नाचवू नये," एवढंच त्या बोलल्या होत्या, आणि त्यानंतर त्यांनी ऑफिसची पायरी चढली नव्हती.

एजन्सीचा जो शेवटचा दिवस ठरला त्या दिवशी, एक्केचाळीस सालच्या माघात, भर दुपारी, त्या मोटारीने अमरावतीला आल्या. भाऊ अकोल्याला गेले होते. वहिनी माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"नत्थुजी, मले तिचं तोंड आठवून नाई राहिलं," त्या म्हणाल्या. "आठ दिवस झाले. बाकी समदं आठवते. तोंड नाई. दाखवा मले."

शकुनचा एक फोटोही नव्हता. मी खिडकी लावली. तपासणीसाठी हाताने फिरवायचं जुनं यंत्र होतं, त्यात फिल्म चढवली आणि दांडा फिरवला. भिंतीवर बाया आल्या, पेट्या आल्या. मग शकुन आली, ती पाठमोरी. दोन वेण्या, परकर, आणि झाडांत पळून गेली.

"हे तर जानं हाय," वहिनी म्हणाल्या. "येनं कुठी हाय?"

माझ्या हातून दांडा सुटला. तोवर मला कळलंच नव्हतं, देवाशपथ. इतकी वर्षं मी भोकं बघत होतो, पोरगी बघत नव्हतो. थोडं थोडं करून मी तिचं येणं, तिचं हसू, तिचं थांबणं, सगळं कात्रीने टाकलं होतं. राखलं होतं ते जाणं.

"मी कापलं, वयनी," मी म्हटलं. मला रडू आलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या यंत्राकडे बघत म्हणाल्या, "हे उलटं फिरते का?"

फिरत होतं. मी दांडा उलटा फिरवला. रिकाम्या झाडांतून शकुन निघाली. पाठीकडून, मागे मागे पावलं टाकत आमच्याकडे येऊ लागली. मोठी होत गेली. वेण्या जवळ आल्या, मान दिसली, मान किंचित वळायला लागली. तिथे माझा जोड होता. पुढे नुसत्या बाया.

"अजून एकदा."

मी फिरवलं. ती गेली, ती पाठमोरी आली, मान वळायला लागली आणि नाहीशी झाली. वहिनी भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "शकुन," त्यांनी हाक मारली. "इकडं पाय, माय. इकडं पाय." प्रत्येक वेळी मला वाटत होतं, या खेपेला वळेल. खरं सांगतो, मी तिच्या वळण्याला भ्यायलो होतो, आणि तरी हात थांबत नव्हता. किती वेळा फिरवलं, ठाऊक नाही. शेवटी कडकड आवाज झाला, जोडापासूनचा शकुनचा सगळा तुकडा यंत्राच्या दात्यांत चुरगळला, आणि भिंतीवर नुसता उजेड राहिला.

दारात भाऊ उभे होते. केव्हा आले, कळलं नाही. यंत्रातून लोंबणाऱ्या चिंध्या त्यांनी पाहिल्या. मला वाटलं, आता माझा गळा धरतील. ते माझ्याकडे वळलेच नाहीत.

"तुले दिसली का?" त्यांनी बायकोला विचारलं. "तू एकदा तरी पाहाशीन म्हनून मी तिले बंद नाई केली. हसते कशी, पायलं का?"

वहिनींनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मग भाऊंचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं.

"पायलं," त्या म्हणाल्या. "तोंडभर हासून राहिली होती."