भट्टीपुढची भिंत

वडिलांचं जुनं पेस्ट्रीचं दुकान नव्याने सजवायचं काम मुलीने अंगावर घेतलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली: भट्टीपुढच्या भिंतीला हात लावायचा नाही. तिने नेमकी तीच पाडली आणि तिथे काच बसवली.

"मी काय शोभेची वस्तू आहे, लोकांनी बघायला?" वडील कडाडले.

ती जराही बिचकली नाही. "तीस वर्षं केक करताय बाबा, खाणाऱ्याचं तोंड कधी पाहिलंत?"

दुकान उघडलं त्या दिवशी वडील फुरंगटून काचेकडे पाठ करूनच उभे राहिले. दुपारी मात्र आतून खणखणीत हाक आली,

"अगं, काच पूस आधी! त्या बाई माझा केक तोंडात घालतायत आणि वाफेमुळे मला काही दिसत नाहीये!"