तीन घड्यांचं टेबल

सुमेध झाल्यापासून मी मूर्तिकामाला हात लावला नव्हता. माती भिजवावी तर तो उठायचा, मग ती तशीच वाळून जायची. पुठ्ठा मात्र वाट बघतो. त्याच्या झोपांत, नऊ महिने, मी पुठ्ठ्याचं एक छोटं टेबल दुमडत राहिले. एकच तुकडा, तीन घड्या, कुठे जोड नाही. समोरून बघितलं तर कड म्हणजे नुसती रेघ.

ह्यांनी नरडाण्याच्या कारखान्यातून उरलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. एकच होता. धुळ्यात धान्याच्या कोठ्या करणाऱ्या जीवरामभाऊंकडे तो आणि पुठ्ठ्याचा नमुना दिला. नाशिकच्या शिल्पप्रदर्शनासाठी टेबल आजच चारच्या एसटीनं जायला हवं होतं.

दुपारी सुमेधला कडेवर घेऊन गेले. घड्या अगदी माझ्याच होत्या. पण कोठीच्या झाकणासारखी प्रत्येक कड दोनदा आत वळवून ठोकलेली. रेघेच्या जागी जाड काठ.

"ताई, तुमना पोऱ्या रांगस ना? त्याले धार लागी जाई. म्हनीसन बठ्ठ्या कडा दुमडी टाक्या."

मला रागावताही येईना. रात्रभराची झोप नव्हती.

"उघडता येईल?"

"उघाडं तं पत्रा तुटी जाई."

मी कातर मागितली. त्यांच्या बायकोनं, द्रौपदाबाईंनी, सुमेधला घेतलं. "ह्यास्नी एवढं चांगलं करं, नि ही कापस," त्या त्याच्या कानात म्हणाल्या. मी दुमडलेला काठ चहूकडून कापून काढला. टेबल इंचभर बुटकं झालं, वरून अरुंद. आणि कडा नागमोडी. कानस घेतली तोच सुमेध भुकेनं रडायला लागला.

कोठीला टेकून, पदराआड त्याला घेतलं. जीवरामभाऊंनी कानस उचलली.

"गोल नका करू भाऊ. सरळ."

"धार ऱ्हाई."

"राहू द्या. घरी नाही ठेवायचं ते."

"मंग कोठे ठेवतस? नि त्यावर काय ठेवतस?"

"काहीच नाही."

त्यांनी द्रौपदाबाईंकडे पाहिलं. मग लोखंडी पट्टी लावून घासायला लागले. मी बसल्या जागेवरून सांगत होते, अजून थोडं, डावीकडे. सुमेध पिता पिता झोपला. पहिली कड सरळ झाली. सव्वादोन वाजले होते, तीन कडा उरल्या होत्या.